शाहनवाज खानांच्या घरातली एकच प्रत

१२ मे १७५८ रोजी औरंगाबादेत काही तासांच्या आत राजकारण उलटेपालटे झाले. फ्रेंच सेनानी बुसीचा दिवाण हैदर जंग याला निजाम अलीने मारले, आणि त्याचा सूड म्हणून फ्रेंचांच्या कैदेत असलेल्या समसामुद्दौला शाहनवाज खानांना, त्यांच्या धाकट्या मुलासह, ठार करण्यात आले. शाहनवाज खान म्हणजे काही काळापूर्वीपर्यंत दख्खनच्या सुभ्याचा कारभार पाहणारा वजीर. या धामधुमीत त्यांची हवेली लुटली गेली. दागिने गेले, शस्त्रे गेली, जाजमे गेली. त्याबरोबर कागदांचा एक गठ्ठाही गेला. लुटणाऱ्यांच्या लेखी त्याची किंमत रद्दीइतकीच असणार.

तो गठ्ठा म्हणजे ‘मआसिरुल उमरा’. अकबराच्या काळापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोगल दरबारात जे जे सरदार नावारूपाला आले, त्यांची चरित्रे फारसीत एकत्र करणारा हा ग्रंथ. मोगल काळावर काम करणारा कोणताही अभ्यासक आज त्याच्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू शकत नाही. मराठ्यांच्या इतिहासालाही तो लागतो. सिंदखेडच्या जाधवांबद्दल, शाहू भोसल्यांबद्दल त्यात नोंदी आहेत. आणि हे सगळे १७५८ मध्ये एकाच प्रतीत, एकाच घरात होते.

ग्रंथ जन्मला कसा, तेही सांगायला हवे. शाहनवाज खानांचे मूळ नाव अब्दुर्रज्जाक. जन्म लाहोरचा, १७०० सालचा, पण घराणे औरंगाबादेत रुजलेले आणि ते स्वतः लहानपणीच इथे आले. १७४१ मध्ये पहिले निजाम आसफजाह यांच्याविरुद्ध त्यांच्याच मुलाने, नासिर जंगने, बंड केले. शाहनवाज खान नासिर जंगच्या बाजूने उभे राहिले. बंड फसले, खानांची नोकरी गेली, मर्जी गेली, आणि पुढची पाचेक वर्षे त्यांनी औरंगाबादेत घरी बसून काढली. बेकारीच्या या वर्षांत त्यांनी जुने इतिहास, फर्माने, रोजनिशा चाळून सरदारांची चरित्रे लिहायला घेतली. १७४७ मध्ये निजामाने त्यांना माफ केले, कामावर परत घेतले, आणि लिखाण मागे पडले. पुढे सलाबत जंगच्या काळात ते थेट वजिरीपर्यंत पोचले. माणूस वर चढत गेला तसा ग्रंथ अर्धवट राहिला. (सरकारी नोकरीत असलेल्या लेखकांनी इथे स्वतःकडे पाहून हसायला हरकत नाही.)

खरे तर प्रती करून घ्यायला त्यांना काहीच अवघड नव्हते. औरंगाबाद तेव्हा कातिबांचे, म्हणजे नकलनवीसांचे शहर होते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद तयार होत होता. पैसा होता, माणसे होती. पण ग्रंथ पुरा झालेला नव्हता, आणि अपुऱ्या ग्रंथाची नक्कल कोण करून घेतो? ‘एकदा पूर्ण होऊ दे, मग बघू’ हे वाक्य प्रत्येक काळात, प्रत्येक भाषेत बोलले गेलेले आहे.

आता मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी. उत्तरेतल्या बिलग्रामचे, १७०४ चा जन्म. हज करून आले आणि औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे आपल्या पाणचक्कीच्या आवारात, काही वर्षे राहिले. फारसी आणि अरबी दोन्हींत लिहिणारे मोठे विद्वान, कवी आणि तज्किराकार. शाहनवाज खानांचे मित्र. खान मारले गेल्यावर आझादांनी त्या हरवलेल्या गठ्ठ्याचा शोध सुरू केला. कोणाकडे गेला, कोणी विकला, कोणी फेकला, हे विचारत ते फिरत राहिले. वर्षभराने पाने हाती लागली, तीही सुटी, विस्कटलेली, क्रम नसलेली. त्यांनी ती जुळवली. काही पाने मिळालीच नाहीत. जी चरित्रे गहाळ होती त्यांतली काही त्यांनी स्वतःच्या लिखाणातून भरून काढली, प्रस्तावना लिहिली, आणि मित्राचे चरित्रही जोडले. नंतर शाहनवाज खानांचा मुलगा मीर अब्दुल हय्य खान याने १७६८ पासून पुढे बारा वर्षे खपून त्यात भर घातली. १७८० मध्ये सातशेहून अधिक चरित्रांचा ग्रंथ तयार झाला. १८८८ ते १८९१ या काळात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तो तीन खंडांत छापला, आणि त्यानंतरच त्याचा जीव खऱ्या अर्थाने भांड्यात पडला.

ही कथा मी दहावीच्या मुलांना सांगतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, आझाद नसते तर?’ आझाद नसते तर आपल्याला हरवले काय हेसुद्धा कळले नसते. हरवलेल्या पुस्तकाची जागा कपाटात रिकामी दिसत नाही. बाजूची पुस्तके सरकून ती भरून टाकतात.

हे सगळे आठवायला निमित्त झाले हार्ड डिस्कचे. क्रांती चौकाकडून पैठण गेटकडे निघाले की मोबाइल आणि संगणक दुरुस्तीची दुकाने लागतात. तिथल्या एका दुकानात काउंटरच्या मागे प्लॅस्टिकचा एक क्रेट आहे आणि त्यात मेलेल्या हार्ड डिस्क भरलेल्या आहेत. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी, तिच्यावर गिऱ्हाइकाचे नाव आणि एखादा शब्द: ‘फोटो’, ‘टॅली’, ‘थिसिस’. एका चिठ्ठीवर उर्दूत ‘अब्बा की किताब’ असे लिहिलेले होते. दुकानदाराला विचारले, तर म्हणाला, ‘सर, मुंबईला पाठवायची म्हटलं तर खर्च ऐकून लोक इथेच सोडून जातात.’

वडिलांचे पुस्तक. कोणाचे वडील, कसले पुस्तक, मला माहीत करून घ्यायचे नव्हते. पण आपल्या शहरात गेल्या तीस वर्षांत किती शिक्षकांनी, वकिलांनी, मौलवींनी, निवृत्त तहसीलदारांनी आपापल्या गल्लीचा, घराण्याचा, मदरशाचा, मुशायऱ्यांचा इतिहास टाइप करून ठेवला असेल? तो सगळा अशाच एकेका प्रतीत आहे.

हार्ड डिस्क मरते कशी, हे समजून घेतले की भीती थोडी शहाणी होते. डबीच्या आत अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात, त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे-लिहिणारे टोक तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. माणसाचा केस जवळपास ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंतराचा अंदाज करा. चालू स्थितीत डिस्क हातातून पडली, टेबलाला धक्का बसला, की ते टोक तबकडीवर आदळू शकते आणि खरवडा निघतो. जिथे खरवडा निघाला तिथला मजकूर धूळ होऊन उडतो. कधी मोटर अडकते, कधी बेअरिंग झिजते, कधी विजेच्या झटक्याने खालची हिरवी पट्टी जळते. मराठवाड्यातल्या विजेबद्दल वेगळे काय सांगायचे. ‘टक, टक, टक’ असा आवाज येऊ लागला तर डिस्क ताबडतोब बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्यातच उरलेले जाते.

डिस्कच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या पत्रकात कधी कधी लिहिलेले असते, बिघाडाआधीचा सरासरी काळ १० लाख तास. भागाकार करा, ११४ वर्षे होतात. गिऱ्हाईक खूश. पण हा आकडा एका डिस्कचे आयुष्य सांगत नाही. तिशीतल्या हजार माणसांपैकी वर्षभरात एक दगावला, म्हणून तिशीतला माणूस हजार वर्षे जगणार असे कोणी म्हणत नाही, तसेच हे. त्या आकड्याचा सरळ अर्थ एवढाच की हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर नऊएक बंद पडाव्यात. प्रत्यक्षात तेही खरे ठरत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये मोठ्या संगणक केंद्रांतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला शंभरामागे दोन ते चार डिस्क बदलाव्या लागतात हे नेहमीचे असल्याचे दिसले, काही ठिकाणी तर तेरापर्यंत. त्याच वर्षी गूगलने आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवत असते, पण बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या चारही खुणांपैकी एकही इशारा दिलेला नव्हता. उलट ज्या डिस्कवर तपासणीत पहिली चूक सापडली, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. थोडक्यात, इशारा मिळाला तर त्याच दिवशी कामाला लागा, आणि न मिळाला तर निर्धास्त राहू नका. घरगुती डिस्कला चार-पाच वर्षे झाली की तिला म्हातारी समजावे.

हल्ली लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसतेच, एसएसडी असते. ती पडण्याला घाबरत नाही, पण तिच्यातला मजकूर विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात अडकवलेला असतो आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर तो भार गळू शकतो. मरते तेव्हा बहुधा आवाजही करत नाही. पेनड्राइव्ह तर या घराण्यातला सर्वांत बेभरवशाचा भाऊ. कागजीपुऱ्याच्या कागदावर लिहिलेले दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे दस्तऐवज आजही बोटाने ओळ धरून वाचता येतात. त्या कागदाला वाळवीची भीती होती, एवढेच. जुने कातिब पहिल्या पानावर ‘या कबीकज’ असे लिहीत, कबीकज हा किड्यांचा राजा समजला जाई आणि त्याचे नाव पाहून कीड पानाला शिवणार नाही अशी समजूत होती. अशा काही हस्तलिखितांत नेमके कबीकजच्या नावालाच कीड लागलेली असते, हा भाग वेगळा.

पण कातिबांच्या दुनियेत एक गोष्ट होती जी आपण विसरलो. नक्कल झाली म्हणजे काम संपले असे ते मानत नसत. मूळ प्रत आणि नक्कल समोरासमोर ठेवून ओळ न ओळ ताडून पाहायची, याला मुकाबला म्हणत. जिथवर ताडून झाले तिथे समासात ‘बलग’, म्हणजे ‘इथवर पोचलो’, अशी खूण करायची. वेदपाठकांनीही पद, क्रम, जटा, घन अशा वेगवेगळ्या विणीने तोच मंत्र पाठ करायची पद्धत याच चिंतेपोटी घडवली. एका विणीत चूक झाली तर दुसरीत ती उघडी पडते. हाफिजही एकमेकांना ऐकवत राहतात ते यासाठीच. आज लोक बॅकअप घेतात आणि तो उघडून पाहत नाहीत. न उघडलेला बॅकअप म्हणजे मुकाबला न झालेली नक्कल. ती असेलही बरोबर, पण कोणी पाहिले आहे?

प्रत कुठे ठेवायची, याचा धडा मराठ्यांच्या इतिहासात मिळतो. १६८९ च्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती पडला आणि तिथले दप्तर नष्ट झाले, असे इतिहासकार मानतात. शिवकाळाची राजधानी, तिथले हिशेब, पत्रव्यवहार, हुकूम, सगळे गेले. मग शिवकाळाची एवढी पत्रे आज आपल्याकडे आली कुठून? ती रायगडावर राहिलेली नव्हती म्हणून आली. पाटलाच्या, देशमुखाच्या, कुलकर्ण्याच्या, देवस्थानाच्या, पिरजाद्याच्या घरात सनद पोचलेली होती. वतनाचा तंटा उद्भवला तर दाखवायला लागेल म्हणून ती पेटीत जपली गेली, तिच्या नकला झाल्या. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून असली दप्तरे जमवत राहिले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे खंड काढत गेले, ते बावीस झाले. दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या इनामांचे कागदही असेच मुजावरांच्या घरी सापडतात. इतिहासाचे प्रेम म्हणून नव्हे, जमीन जाऊ नये म्हणून सांभाळलेले. राखण्याचे कारण स्वार्थी असले तरी कागद राखला गेला, आणि माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

लीळाचरित्राचे उदाहरण जरा निराळे आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूर परिसरात जमा केल्या. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. महानुभाव परंपरा सांगते की खलजींच्या स्वारीच्या धांदलीत मूळ पोथी गेली आणि पुढे हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली गेली. मुसलमान लेखकाने हे सांगताना घसा खाकरायची गरज नाही. देवगिरीवर फौज आली होती आणि फौजा पोथ्या वाचायला येत नाहीत. मुद्दा असा की ग्रंथ परत आला, पण एकच होऊन आला नाही. वेगवेगळ्या शिष्यपरंपरांचे वेगवेगळे पाठ तयार झाले, आणि विसाव्या शतकात हरि नारायण नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना या पाठभेदांतून वाट काढत बसावे लागले. स्मरण ही प्रत उत्तम, पण ती दर पिढीला थोडीशी बदलते. तरीही ती नसती तर बदलायलाही काही उरले नसते.

क्रांती चौकाचेच पाहा. जालना रोडवरच्या या चौकात आज शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा आहे, उड्डाणपूल आहे, मोर्चे इथूनच निघतात. चौकाला नाव मिळाले ते १८५७ मुळे. त्या वर्षीच्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळातल्या शिपायांत, आपल्याला दिल्लीवर चालून जायला लावणार अशी बातमी पसरली आणि त्यांनी नकार दिला. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली. झटपट लष्करी खटले झाले. आपल्या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडल्याबद्दल दफेदार मीर फिदा अली यांना फाशी दिली गेली, इतर कित्येकांना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. शहराची आठवण हे सारे काला चबुतऱ्याशी जोडते.

मीर फिदा अलींचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते इंग्रजांच्या कागदांत आले. बाकीचे? ते बहुतेक आकडे होऊन राहिले. इतके गोळीने, इतके तोफेने. ते काय बोलले, कोणत्या गावचे होते, मागे कोण होते, यातले बरेचसे ज्या दप्तरात असायला हवे ते दप्तर त्यांना मारणाऱ्यांचे होते. घटनेची एकच प्रत उरली आणि ती एका पक्षाच्या घरी. बॅकअपचा विचार आपण चोरी-आग-बिघाड एवढ्यापुरता करतो. पण प्रत एकच असली की ती ज्याच्या हाती, इतिहासही त्याच्याच हाती, हेही तितकेच खरे. गेल्या काही वर्षांत या शहराच्या नावापासून गल्ल्यांच्या नावांपर्यंत बरेच बदलले. त्यावर ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. पण जुन्या नावांनिशी लिहिलेले खरेदीखत, शाळेचे रजिस्टर, निकाहनामा, वक्फचा कागद ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तो आधी स्कॅन करावा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवावा. वादाला नंतरही वेळ मिळेल.

आता एक अडचण जिच्याबद्दल दुकानदार सांगत नाही. डिस्क शाबूत राहिली तरी फाइल वाचता येईलच असे नाही. उर्दूवाल्यांना हे चांगले माहीत आहे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने कातिबाचे हस्ताक्षर यंत्रावर आणले, १९९० च्या दशकात इनपेज आले, आणि उर्दूची पुस्तके, वर्तमानपत्रे, मासिके, लग्नाच्या पत्रिका, सगळे इनपेजमध्ये गेले. पण जुन्या इनपेजची फाइल आज फोनवर उघडून पाहा. मराठीत श्रीलिपी आणि कृतिदेवच्या काळातल्या फाइलींचे तेच, फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मोडीचे आपण हेच केले. लाखो कागद शाबूत आहेत, पुण्याच्या पेशवे दप्तरात, घराघरांत, पण वाचणारे मूठभर. शाळेतून मोडी गेली आणि पणजोबांचे पत्र पणतूसाठी बंद झाले. म्हणून जुन्या इनपेज, श्रीलिपी फाइली ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या आत्ताच युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात आणि शेजारी एक पीडीएफही ठेवावी. महत्त्वाचे असेल ते कागदावर छापून घ्यावे. कागदाला सॉफ्टवेअर लागत नाही.

प्रती किती असाव्यात, याचा एक सोपा हिशेब पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने मांडला आणि तो जगभर रूढ झाला. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे. दुसरे ठिकाण हे कलम सगळ्यांत जास्त टाळले जाते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, माणसे गेली आणि मजलेच्या मजले फाइली जळाल्या. त्यानंतर कागद संगणकावर नेण्याची घाई सुरू झाली. पण संगणकही जळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारच्या माहिती केंद्राला बॅटरीमुळे आग लागली आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट कागदपत्रे गेली. कारण ती साठवणूक एवढी मोठी होती की तिची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. जगातल्या सर्वांत तंत्रकुशल देशांपैकी एकाची ही गोष्ट. शाहनवाज खानही आपल्या काळचे सर्वांत हुशार वजीर होते.

अजून एक गफलत नेहमी दिसते. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर जातात म्हणजे बॅकअप झाला, असे लोक धरून चालतात. बऱ्याचदा ते फक्त आरसा धरल्यासारखे असते. इकडे पुसले की तिकडेही पुसते. घरातल्या लहानग्याने खेळता खेळता अल्बम उडवला, तर आरसाही प्रामाणिकपणे रिकामा होतो. खरी प्रत ती, जी मूळ प्रतीच्या चुकीत सहभागी होत नाही. राजवाड्यांना सापडलेली सनद देशमुखाच्या पेटीत होती, रायगडावर काय झाले याचा तिला पत्ताही नव्हता.

आझाद बिलग्रामी १७८६ मध्ये वारले. खुलदाबादेत त्यांची कबर आहे, अमीर हसन सिज्झी यांच्या कबरीच्या जवळ. हसन सिज्झी म्हणजे हजरत निजामुद्दीन औलियांच्या मजलिशीत बसून त्यांची बोलणी लिहून ठेवणारे, ज्यांच्यामुळे ‘फवायदुल फुआद’ आपल्यापर्यंत आले. एक दुसऱ्याचे बोलणे टिपणारा, एक दुसऱ्याची पाने वेचणारा. वेरूळ बघायला जाणाऱ्या गाड्या खुलदाबादवरूनच जातात. वेळ असेल तर थांबा.

‘मआसिरुल उमरा’चे ते तीन छापील खंड आता इंटरनेट अर्काइव्हवर फुकट उतरवून घेता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस ती बंद होती. तिन्ही खंड मी आधीच उतरवून घेतले होते. एक संच घरच्या डिस्कवर आहे, एक बीडला धाकट्या भावाकडे, आणि ज्या पानांवर आझाद आपल्या मित्राची पाने कशी हरवली आणि कशी मिळाली ते सांगतात, त्यांची छापील प्रत शाळेतल्या माझ्या कपाटात, नववीच्या हजेरीपटाखाली.